पोटातून नळी टाकायची म्हणतात? सही करण्याआधी एवढे विचारा



या पानावर माझ्याकडून तुम्ही हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याचे खत, माती परीक्षण असले विषय वाचता. आज विषय वेगळा आहे आणि थोडा संकोचाचा आहे. लघवी तुंबली की बेंबीखाली ओटीपोटातून जी नळी टाकतात, तिच्याविषयी लिहायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे. पण शिरूर आणि दौंड तालुक्यांत वस्त्यावस्त्यांवर फिरणे होते. न्हावरे, मांडवगण फराटा, पाबळ असो की केडगाव, पाटस, वरवंड असो, एखाद्या ओसरीवर खाट असते, खाटेवर आबा बसलेले असतात आणि खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीवर उपरणे टाकलेले असते. पाहुणा आला की घरची माणसे ते उपरणे आणखी नीट करतात. पिशवी दिसू नये म्हणून.

ती पिशवी झाकायचे कारण नाही, हे मला आज सांगायचे आहे. आणि दुसरे सांगायचे आहे ते यापेक्षा महत्त्वाचे. नळीने माणूस सहसा दगावत नाही, पण नळीविषयीच्या अज्ञानाने दगावू शकतो. आपण बियाण्याची पिशवी घेताना पक्के बिल मागतो, लेबल आणि लॉट नंबर जपून ठेवतो, उगवण झाली नाही तर तक्रार करता यावी म्हणून. आणि स्वतःच्या पोटाला भोक पाडायच्या कागदावर मात्र "सायेब, तुमी म्हनाल तसं" असे म्हणून अंगठा उठवतो. हा हिशोब उलटा आहे.

नळी कशासाठी?

मूत्राशय म्हणजे लघवीचा हौद. साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर भरला की माणसाला जोराची लागते. या हौदाला खालून एकच वाट आहे. ती बंद झाली की लघवी तुंबते, ओटीपोट दगडासारखे टणक होते आणि माणूस तळमळतो. हळूहळू तुंबत राहिली तर दुखत नाही, पण मागे मूत्रपिंडांवर दाब येऊन ती खराब होत जातात. हे जास्त वाईट, कारण ते कळत नाही.

अशा वेळी डॉक्टर बहुधा आधी लघवीच्या वाटेनेच नळी घालतात. ती जात नसेल, घालणे धोक्याचे असेल किंवा फार दिवस ठेवावी लागणार असेल, तर जांघेच्या मधल्या हाडाच्या वर साधारण दोन बोटांवर छोटे छिद्र करून थेट मूत्राशयात नळी ठेवतात. तिला सुप्राप्युबिक कॅथेटर म्हणतात, दवाखान्यात नुसते एसपीसी म्हणतात. नळीच्या आतल्या टोकाला छोटा फुगा असतो. आत गेल्यावर त्यात बहुधा दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे नळी निसटत नाही. बाहेरचे टोक पिशवीला जोडतात.

ही पाळी कोणावर येते? साठीपुढच्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि वाट दाबते. कोणाच्या मूत्रमार्गात जुन्या जखमेने किंवा आजाराने आवळ पडतो. कोणी विहिरीत, झाडावरून किंवा माळ्यावरून पडतो आणि मणक्याला मार लागतो, त्याला लघवीची जाणीवच राहात नाही. अर्धांगवायू आणि जुना मधुमेह यांनीही मूत्राशयाच्या नसा मंदावतात. बायकांनाही हे होते, आणि त्या सांगत नाहीत म्हणून उशिरा कळते.

आपल्या भागात एक कारण नीट लक्षात ठेवावे असे आहे. उसाची ट्रॉली उलटते, ट्रॅक्टर अंगावर येतो, हायवेला मोटारसायकल ठोकरते आणि कमरेचे हाड मोडते. त्यासोबत मूत्रमार्ग तुटू शकतो. अशा जखमीच्या लघवीच्या जागी रक्त दिसले किंवा लघवीच होईना, तर खालून नळी ढकलायची घाई कोणाला करू देऊ नका. अर्धवट फाटलेली वाट त्याने पूर्ण फाटते. १०८ ला फोन करावा आणि मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे बहुधा पोटातूनच नळी टाकतात, आणि ते योग्य असते.

पहिला प्रश्न : कायमची की तात्पुरती?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि हाच कोणी विचारत नाही. अडचणीच्या वेळी टाकलेली नळी आराम देते. दुखणे थांबते, माणूस झोपतो. मग ऊस तोडायचा असतो, कांदा काढायचा असतो, पोरीचे लग्न असते. "बघू दिवाळीनंतर" असे म्हणता म्हणता तीन महिन्यांची नळी तीन वर्षांची होते. डॉक्टरांनी ती तात्पुरती म्हणून टाकलेली असते, कायमची ती आपण करतो.

प्रोस्टेटमुळे तुंबले असेल तर कित्येकांना गोळ्या देऊन नळी काढून पाहता येते, नाहीतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसेल, तरच नळी हा कायमचा उपाय उरतो. मूत्रमार्ग आवळला असेल तर पोटातली नळी ही त्या वाटेला दिलेली विश्रांती असते. अपघातात वाट तुटली असेल तर काही महिने, बहुधा तीनेक महिने थांबून ती पुन्हा जोडतात.

या शस्त्रक्रियेत तर पुणे जगात नाव राखून आहे. मूत्रमार्ग लांबवर आवळला असेल तर गालाच्या आतली नाजूक कातडी घेऊन वाट रुंद करतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी यासाठी एकाच बाजूने वाट मोकळी करण्याची जी पद्धत बसवली, ती २००९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि आज जगभरचे शल्यविशारद तिला कुलकर्णी पद्धत म्हणूनच ओळखतात. मी कोणाच्या दवाखान्याची जाहिरात करत नाही. एवढेच म्हणतो की शिरूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर ही विद्या असताना आपला तरणा पोरगा वर्षानुवर्षे पिशवी घेऊन फिरू नये.

आणि एक कानगोष्ट. कातडी गालातून घ्यायची असेल तर गाल शाबूत हवा. गुटखा, तंबाखू, मिसरीने गाल पांढरे-कडक झालेल्या, तोंड नीट न उघडणाऱ्या माणसाची कातडी त्या कामाला नीट उपयोगी पडत नाही. तंबाखूचे नुकसान कुठपर्यंत पोचते ते पाहा.

सही करण्याआधी

नळी का टाकायची आणि किती दिवस, हे विचारून झाले की पुढचे प्रश्न विचारा. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरना विचारा, पण विचारा.

दुसरा मार्ग आहे का? काही रुग्णांना, विशेषतः मणक्याच्या रुग्णांना, दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढून टाकायला शिकवतात. हात चालत असतील तर तो मार्ग पुष्कळदा बरा, कारण नळी अंगात राहात नाही.

डॉक्टरांना आपणहून तीन गोष्टी सांगा. एक, हृदयाच्या किंवा पक्षाघाताच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या. त्या मनाने बंद करू नका, किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील. दोन, पोटाचे जुने ऑपरेशन झाले असेल तर ते. जुन्या टाक्यांमुळे आतडे खाली चिकटलेले असू शकते आणि नेमके नळीच्या वाटेत येऊ शकते. तीन, लघवीतून कधी रक्त गेले असेल तर ते. मूत्राशयात गाठ असेल तर पोटातून छिद्र पाडणे टाळावे लागते.

सोनोग्राफी पाहून नळी टाकणार का, हेही विचारा. हा शहाणपणा दाखवायचा प्रश्न नव्हे. ब्रिटनमध्ये २००९ साली रुग्णसुरक्षेची सरकारी यंत्रणा होती, तिने या छोट्याशा शस्त्रक्रियेबद्दल सगळ्या रुग्णालयांना खास इशारा दिला होता. नळी टाकताना आतड्याला भोक पडून रुग्ण दगावल्याच्या घटना पुढे आल्या होत्या. शक्य तिथे सोनोग्राफीत पाहून आणि शिकलेल्या हातांनीच हे काम व्हावे, असे तिथे ठरले. धोका थोड्यांनाच होतो, पण झाला तर मोठा होतो. म्हणून विचारायचे.

टाकताना काय होते?

मूत्राशय भरलेले लागते. ते भरले की फुगून वर येते आणि आतडे बाजूला सरकते. म्हणून पाणी पाजतात, किंवा आधीची नळी असेल तर तिच्यातून सलाईन सोडून मूत्राशय भरतात. जागा साफ करून तिथल्यापुरती भूल देतात. काहींना कमरेतून किंवा पूर्ण भूल लागते. साधारण एक सेंटिमीटरचा छेद, त्यातून पोकळ हत्यार, त्यातून नळी. दाब जाणवतो, पण सुन्न केल्यावर तीव्र दुखू नये. दुखले तर गप्प बसू नका, सांगा.

पहिले काही दिवस लघवी गुलाबी दिसते, घाबरू नका. अधूनमधून कळ येऊन खालच्या वाटेनेही थोडी लघवी झिरपते. मूत्राशय नळीला रुळत असते, त्यावर गोळ्या मिळतात. परंतु पोट फुगून खूप दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, हुडहुडी भरून ताप आला, रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा पिशवीत लघवीच येईना, तर सकाळची एस.टी. पाहात बसू नका. त्याच रात्री निघा.

घरी आल्यावरची निगा

नळी किंवा पिशवी हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. शेण-माती, औषध फवारणी करून आलेला हात तसाच लावू नका. छिद्राभोवतीची जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवून कोरडी करा. हळद, राख, खोबरेल, पावडर, कोणाचा झाडपाला तिथे नको. हळद गुणाची खरी, पण ही जागा तिची नाही.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे. पाणी चढाला जात नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. खाटेवर पिशवी उशाशी घेतली, मोटारसायकलवर मांडीवर ठेवली किंवा चालताना खांद्याला अडकवली, की घाण लघवी परत आत जाते. जमिनीवरही टेकवू नका, हुकाला अडकवा. दोन-तृतीयांश भरली की तोटीने रिकामी करा, काठोकाठ भरू देऊ नका, वजनाने नळी ओढली जाते. पिशवी साधारण आठवड्याला बदलतात, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला दिवस पाळा. दिवसा फिरायचे असेल तर पायाला बांधायची छोटी पिशवी मिळते, ती धोतराखाली किंवा पँटखाली कोणाला दिसतही नाही.

नळी पोटाला किंवा मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवा. जनावराला दावे बांधताना, बाभळीच्या कुंपणातून वाकताना, उसाच्या सरीतून जाताना ती अडकून ओढली जाते. पहिले काही आठवडे पोती उचलू नका. जखम भरल्यावर हलकी कामे करायला हरकत नसते, बादलीने अंघोळही चालते. कालव्यात आणि विहिरीत डुंबणे मात्र सोडा.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी कमी सांगितले नसेल तर दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी पोटात जाऊ द्या. उन्हाळ्यात रानात असाल तर जास्त. लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिका असावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, भरलेले आतडे नळीला दाबते.

ठिबकची नळी आणि ही नळी

ठिबक ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढची गोष्ट पटकन कळेल. क्षाराच्या पाण्याने ड्रिपर कसे चोंदतात? आत शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर क्षार बसतो. या नळीचेही तेच होते. जंतूंचा थर धरतो, काही जंतू लघवी क्षारयुक्त करतात, मग खडूसारखा खार साचतो आणि नळी तुंबते. मूत्राशयात खडेही होतात. फरक एवढाच, की ठिबकला आपण ॲसिड सोडतो, इथे घरगुती काहीही सोडायचे नाही. धुवायची असेल तर डॉक्टरांनी सांगितले आणि सिस्टरने हाताला धरून शिकवले तरच.

दोन-तीन तास पिशवीत थेंब आला नाही आणि पोट भरल्यासारखे वाटू लागले तर आधी नळीला पीळ बसलाय का, कोणी तिच्यावर बसलंय का, पिशवी वर राहिलीय का ते पाहा. तरी सुटली नाही तर दवाखाना गाठा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याला मार लागलेला रुग्ण असेल तर जास्त सावध राहा. अशा माणसाची नळी तुंबली की पोट दुखत नाही, पण एकाएकी डोके ठणकते, कपाळाला दरदरून घाम येतो, चेहरा लाल होतो आणि रक्तदाब वर चढतो. त्याला ताठ बसवा, कपडे सैल करा, नळीचा पीळ काढा आणि लगेच न्या. डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, "मणक्याचा पेशंट हाये, नळी तुंबलीय." नाहीतर सगळे डोकेदुखीवर उपचार करत बसतात.

नळी निघून आली तर? हे छिद्र फार लवकर आकसते, कधी तासाभरात, आणि नवीन असेल तर त्याहून लवकर. स्वच्छ पट्टी झाका आणि तसेच निघा. निघालेली नळी फेकू नका, बरोबर न्या. तिच्या दुबेळक्याजवळ तिचा नंबर छापलेला असतो, सोळा, अठरा असा. त्याच नंबरची एक नवी नळी घरात कायम ठेवलेली असली तर फार उपयोग होतो. पहिल्या काही आठवड्यांत वाट पक्की झालेली नसते, तेव्हा घरी कोणीही ती परत सारण्याचा प्रयत्न करू नये, आणि बदलताना फुगा सोडल्याशिवाय ओढू नये.

पहिली बदली साधारण चार ते सहा आठवड्यांनी, शक्यतो जिथे टाकली तिथेच. पुढे नळीच्या प्रकाराप्रमाणे चार ते बारा आठवड्यांनी. रबराची लवकर, सिलिकॉनची उशिरा. गाय कधी भरवली त्याची तारीख आपण कालनिर्णयावर लिहितो, दुधाचे रतीब लिहितो, तशी नळी बदलायची तारीखही लिहा.

औषधांचा मारा नको

नळी असलेल्याच्या लघवीत जंतू असतातच. तपासणीला दिली की रिपोर्टात ते येणारच, लघवी थोडी गढूळही दिसणार. ताप नाही, थंडी नाही, कुशीत दुखत नाही, माणूस गोंधळलेला नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका, दुकानातून स्वतः तर अजिबात नको. कीड नसताना फवारण्या करकरून आपण बोंडअळीला औषध पचवायला शिकवले. जंतूंचेही तसेच आहे. आज विनाकारण घेतलेली गोळी उद्या खरा ताप आला की चालत नाही. ताप, हुडहुडी, भ्रम यांपैकी काही असेल तर मात्र एक दिवसही वाट पाहू नका.

लाज कसली?

पहिल्या महायुद्धाच्या काळात मणका तुटलेले बहुतेक जवान जखमेने नव्हे, तर लघवीच्या संसर्गाने आणि पाठीला पडलेल्या चट्ट्यांनी गेले. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मूत्राशयाची निगा आणि व्यायाम यांवर भर दिला, आणि हीच माणसे जगू लागली, खेळू लागली. त्यांच्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक आणले, ते याच स्पर्धेत. पुण्यात खडकीला १९७४ पासून जखमी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे मणक्याला मार लागलेले जवान चाकाच्या खुर्चीतून कामही करतात आणि खेळतातही. आपल्या दोन्ही तालुक्यांत फौजी घरे पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. निगा राखली तर नळीसकट माणूस जगतो. लग्नकार्याला जातो, पारावर बसतो. नवरा-बायकोचे नातेही थांबायचे कारण नाही. पोटातून टाकलेली नळी त्याच्या आड येत नाही, हा तिचा खालच्या नळीपेक्षा फायदाच आहे. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

घरात ही निगा कोण राखते तेही बोलून टाकू. बहुतेक घरांत बायको किंवा सून. तिला दवाखान्यात बाहेर बसवून ठेवतात आणि डॉक्टर जे सांगतात ते मुलगा ऐकून येतो. मुलगा दुसऱ्या दिवशी रांजणगावला नाहीतर कुरकुंभला कंपनीत पाळीवर जातो आणि नळी त्या बाईच्या हाती राहते. जिच्या हाताला काम, तिला आत बसवा. तिच्या समोर पिशवी बदलून दाखवायला सांगा, आणि एकदा तिच्या हाताने करून घ्या.

दोन मागण्या

खर्चाचा धाक खोटा नाही. पण योजना आहे. २०१३ च्या नोव्हेंबरपासून जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. मूत्रविकाराच्या बऱ्याच शस्त्रक्रिया तीत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा, बिल झाल्यावर नव्हे. पुण्यात ससून आहे, औंधचे जिल्हा रुग्णालय आहे.

शासनाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. पहिली, पोटातून नळी टाकलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मराठीत छापलेले एक कार्ड द्यावे. नळीचा नंबर, टाकल्याची तारीख, बदलायची तारीख, धोक्याची लक्षणे आणि फोन कुठे करायचा एवढे त्यावर असावे. गाईच्या कानात बिल्ला मारून आपण तिची नोंद ठेवतो, माणसाची तेवढी तरी ठेवू. दुसरी, शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत नळी बदलण्याचा आठवड्यातला एक वार ठरलेला असावा, त्या दिवशी नळ्या आणि पिशव्या शिल्लक असाव्यात, आणि तो वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा. साध्या बदलीसाठी सत्तरीच्या माणसाला पुण्यापर्यंत गाडी करावी लागली तर तो एक बदली चुकवणार, मग दुसरी, आणि तिसऱ्या वेळी तो तापाने फणफणलेला पोचणार. एका वाराने हे टळते. आशाताईंना या निगेचे एक दिवसाचे प्रशिक्षण दिले तर गावातल्या गावात लक्षही राहील.

कोणी म्हणेल, डॉक्टरांना एवढे समजावून सांगायला वेळ कुठे आहे? दवाखान्यातली गर्दी मलाही दिसते. पण पाच मिनिटे सांगितलेले पुढची चार रात्रीची धावपळ वाचवते, त्यांचीही आणि आपलीही. आणि विचारणारा रुग्ण हा उद्धट नसतो. पेरणीआधी दहा प्रश्न विचारणारा शेतकरी मला आवडतो, कारण त्याचे पीक बहुधा साधते.

तेव्हा हा कागद कापून ठेवा. तुमच्या घरात नसेल तर वस्तीवर कोणाच्या तरी ओसरीला ती खाट असेल. त्यांच्याकडे जा, उपरण्याकडे पाहू नका, आबांना सरळ विचारा, "नळी कधी बदलायची हाये? तारीख ल्हिलीय का?" लिहिली नसेल तर तिथेच लिहून या.